बँकॉकमध्ये इंग्रजी शिकवण्याची नोकरी : पहिल्या कागदापासून पहिल्या पगारापर्यंत

बँकॉकला इंग्रजी शिकवायला जायचं म्हटलं की बहुतेकजण आधी विचारतात, "पगार किती मिळतो?" तिथे काही वर्षं शिकवल्यानंतर माझं मत असं झालंय की आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : "माझं वर्क परमिट कोण काढणार आणि कधी?" या प्रश्नाचं सरळ, लेखी उत्तर देणारी शाळा पाच हजार बाथ कमी देत असली तरी ती चांगली नोकरी. "आधी या तर खरं, मग बघू" म्हणणारी शाळा कितीही पगार देवो, तिच्यापासून लांब राहा. खालचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

हा लेख भारतीय पासपोर्ट, कुठल्याही शाखेची पदवी आणि चांगलं इंग्रजी असणाऱ्यांसाठी आहे. पदवी नसेल तर शाळेतली कायदेशीर नोकरी जवळपास अशक्य आहे. ऑनलाइन केलेला टीईएफएलचा (परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स पदवीची जागा घेऊ शकत नाही. कोर्स विकणारे काहीही सांगोत.

१. भारतीय पासपोर्टवर हे जमतं का?

जमतं, पण प्रत्येक देशात नाही. चीनमध्ये इंग्रजी शिकवण्याचा परवाना साधारणपणे इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा मुळात अशाच सात देशांसाठी आहे. २०१० साली लागू झालेल्या व्यापार करारामुळे भारतीयांना तिथे एक अरुंद वाट मिळाली, तीही पदवीसोबत शिक्षकी पात्रता असेल तरच. थायलंडचं दार त्या मानाने रुंद आहे. तिथे भारतीय शिक्षक अनेक वर्षं शिकवत आले आहेत आणि फिलिपिनो शिक्षक तर जवळजवळ प्रत्येक शाळेत भेटतात.

मात्र पासपोर्ट पाहून पगार ठरतो, हे आधीच माहीत असू द्या. एकाच शाळेत, एकाच इयत्तेला शिकवणाऱ्या ब्रिटिश शिक्षकाला ३५ ते ४५ हजार बाथ आणि भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षकाला २० ते ३० हजार बाथ, असं चित्र सर्रास दिसतं. हा अन्याय आहे आणि मी त्याला दुसरं नाव देणार नाही. जाहिरातींत "नेटिव्ह स्पीकर ओन्ली" असंही उघड लिहिलेलं असतं. त्यांच्या मागे लागून वेळ घालवू नका, कारण बऱ्याच ठिकाणी पालकांना दाखवण्यासाठी शाळेला ठरावीक पासपोर्टच हवा असतो. तुमच्या शिकवण्याने तिथे फरक पडत नाही.

यातून एक वाट निघते आणि ती फारच थोडे जण वापरतात. बँकॉकच्या अनेक शाळांत "इंग्लिश प्रोग्रॅम" असतो. त्यात गणित, विज्ञान, संगणक हे विषय इंग्रजीतून शिकवले जातात. गणित-विज्ञानाच्या भारतीय शिक्षकाला तिथे मान आहे आणि मागणीही. बीएस्सी, बीएड झालेल्यांनी "इंग्रजीचा शिक्षक" एवढाच अर्ज करू नये, "इंग्रजीतून गणित किंवा विज्ञान" असाही करावा. पगार वाढतो आणि उच्चारावरून होणारी खळखळ कमी होते.

२. घरून निघण्यापूर्वी जमवायचे कागद

यादी छोटी वाटेल, पण एकेका कागदाला आठवडे लागतात.

- पदवी प्रमाणपत्र. दीक्षान्त समारंभानंतर मिळणारं मूळ प्रमाणपत्र लागतं, पासिंग सर्टिफिकेटवर भागत नाही. अजून उचललं नसेल तर आजच विद्यापीठात अर्ज टाका.
- ट्रान्सक्रिप्ट. सगळ्या वर्षांचे गुण एकत्र दाखवणारं, विद्यापीठाच्या शिक्क्याचं. सुट्या मार्कशीटच्या गठ्ठ्याने थाई अधिकारी गोंधळतात.
- पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. हे पासपोर्ट सेवा केंद्रातून काढायचं. पोलीस ठाण्यातून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा, परदेशात सहसा तो चालत नाही. फी ५०० रुपये. फार आधी काढून ठेवू नका, कारण शाळांना ताजं प्रमाणपत्र हवं असतं.
- इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशांच्या नागरिकांना टोइक किंवा आयईएलटीएसचे गुण दाखवावे लागतात. टोइकमध्ये ६०० ही बहुतेक ठिकाणी विचारली जाणारी किमान रेषा. पण अर्जात तुमची गाठ ९०० च्या वरच्या फिलिपिनो शिक्षकांशी असते, म्हणून तयारी करूनच बसा.
- टीईएफएलचं १२० तासांचं किंवा त्याहून चांगलं प्रमाणपत्र. बरेचदा कायद्याने सक्तीचं नसतं, पण अर्ज चाळताना बघितलं जातं. पैसे आणि वेळ असेल तर सेल्टा (केंब्रिजचा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स) करा. चार आठवडे पूर्णवेळ असतो, प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं आणि पहिल्या वर्गात पाय लटपटत नाहीत.
- अनुभवाची पत्रं, असतील तर. लेटरहेड, तारीख, सही, शिक्का.
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे औपचारिक कपड्यांतले फोटो, भरपूर.
- पासपोर्ट. मुदत किमान दीड-दोन वर्षं शिल्लक असलेला.

पासपोर्टबद्दल अजून एक. थायलंड हा ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे कामासाठी जाताना आधी सरकारी मंजुरी लागणाऱ्या) देशांच्या यादीत येतो. पदवीधराला या एमिग्रेशन चेकमधून सूट आहे, पण जुन्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद राहून गेली असेल तर विमानतळावर घोडं अडतं. पासपोर्ट उघडून बघा आणि नोंद असेल तर आधी काढून घ्या.

आता नावाचा घोळ. मराठी माणसांना यात सगळ्यात जास्त त्रास होतो, म्हणून सविस्तर सांगते. आपल्या विद्यापीठांच्या प्रमाणपत्रांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी त्यापुढे आईचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्न झालेल्या बाईच्या पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. स्पेलिंगमध्ये एखादा "ए" जास्त, एखादा कमी. थाई कार्यालयातला कारकून मराठी नावांची रचना ओळखत नाही. तो एकेक अक्षर जुळवून बघतो आणि जुळलं नाही की फाइल बाजूला ठेवतो. तेव्हा सगळे कागद टेबलावर पसरा आणि प्रत्येकावरचं नाव पासपोर्टशी ताडून बघा. फरक असेल तर राजपत्रातली नोंद, विवाह प्रमाणपत्र किंवा "या दोन्ही व्यक्ती एकच" असं शपथपत्र इंग्रजीत तयार ठेवा. तिथे पोहोचल्यावर हे निस्तरणं फार महागात पडतं.

पदवीचं अटेस्टेशनही (सरकारी साक्षांकन) इथूनच होतं : आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग थाई दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. मुंबईत थायलंडचा वाणिज्य दूतावास आहे. परराष्ट्र मंत्रालयाचं काम नेमलेल्या एजन्सींमार्फत होतं, त्यामुळे दलालाने "माझी आत ओळख आहे" म्हटलं तर भुलू नका. नेमके कुठले शिक्के लागतील हे नोकरी देणाऱ्या शाळेकडून ईमेलवर लिहून घ्या, कारण सरकारी आणि खासगी शाळांच्या मागण्यांत फरक असतो.

३. कुठल्या प्रकारची शाळा?

सरकारी शाळेत एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतात. आपल्याकडच्या पटसंख्येची सवय असेल तर बिचकायला होत नाही, हा आपला मोठा फायदा. पाश्चात्त्य शिक्षक त्या गर्दीला घाबरतात. नोकरी बरेचदा एजन्सीमार्फत मिळते आणि त्यातच गोम आहे, ते पुढे करारात बघू.

खासगी शाळांत, विशेषतः मिशनच्या जुन्या शाळा आणि द्वैभाषिक शाळांत, कागदपत्रं सांभाळणारा माणूस नेमलेला असतो. नवख्याने आधी इथे प्रयत्न करावा असं माझं ठाम मत आहे.

आंतरराष्ट्रीय शाळांना बीएड किंवा तत्सम शिक्षकी पात्रता आणि अनुभव लागतो. पगार कितीतरी जास्त. पहिल्या वर्षी लागणं कठीण, तीन-चार वर्षांनी शक्य.

भाषा केंद्रं मॉलमध्ये असतात, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी चालतात, तासावर पैसे देतात. तास कमी झाले की मिळकत कमी आणि काही केंद्रं वर्क परमिट काढायला टाळाटाळ करतात. तिथे पूर्णवेळ नोकरी म्हणून न जाता जोडकाम म्हणून जावं, तेही परवान्यात ते ठिकाण नोंदवूनच.

आनुबान म्हणजे बालवर्ग, प्रथोम म्हणजे प्राथमिकची सहा वर्षं आणि मथायोम म्हणजे माध्यमिकची सहा वर्षं. जाहिरातीत "पी थ्री" किंवा "एम फाइव्ह" दिसलं की ते अनुक्रमे प्राथमिक तिसरी आणि माध्यमिक पाचवी. कुठल्या वयाची मुलं झेपतात हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. आनुबानमध्ये दिवसभर गाणी, उड्या आणि नाक पुसणं असतं. ते आवडणाऱ्यालाच आवडतं.

४. अर्ज कधी आणि कुठे?

शाळेचं वर्ष मेच्या मध्यावर सुरू होऊन मार्चमध्ये संपतं. पहिलं सत्र ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, दुसरं नोव्हेंबरपासून. त्यामुळे भरतीचा मुख्य हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, दुसरा लहान हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबर. डिसेंबरमध्ये अर्ज करून उत्तर आलं नाही म्हणून खचू नका, तेव्हा जागाच नसतात.

जाहिरातींसाठी अजान डॉट कॉम हे तिथलं जुनं आणि सर्वांच्या ओळखीचं ठिकाण. फेसबुकवरचे गटही चालतात, पण तिथे गाळून घ्यावं लागतं. तिसरा मार्ग, शाळेच्या संकेतस्थळावरून थेट परदेशी शिक्षक विभागाच्या प्रमुखाला ईमेल. हा मार्ग मेहनतीचा, पण एजन्सीचा वाटा वाचतो.

बायोडेटा एक-दोन पानी, फोटोसह. राष्ट्रीयत्व वर, ठळक लिहा. ते लपवून मुलाखतीपर्यंत पोहोचण्यात काही अर्थ नाही. त्याखाली ओळीने : पदवी, परीक्षेचे गुण, अनुभव, "कागदपत्रं अटेस्ट केलेली आहेत" हे वाक्य आणि कधीपासून रुजू होऊ शकता ती तारीख. कागद तयार असलेला उमेदवार शाळेला फार आवडतो, कारण कागदांच्या भानगडीत तीही अडकून थकलेली असते. सोबत दीड-दोन मिनिटांचा शिकवतानाचा व्हिडिओ जोडलात तर तुमच्या उच्चाराबद्दलची शंका तिथल्या तिथे मिटते.

इथे एक गंभीर इशारा. थायलंडमध्ये नोकरी म्हणून तरुणांना बोलावून, सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन, सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून ठेवण्याचे प्रकार झाले आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल जाहीर सावध केलं होतं. त्या जाहिराती "डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग" अशा नावाच्या होत्या, पण शिक्षकाच्या नोकरीचं आमिष दाखवणंही अवघड नाही. ओळखायच्या खुणा : मुलाखतीत शिकवण्याबद्दल एकही प्रश्न नाही, टिकटाची घाई तेच करतात, पर्यटक म्हणून यायला सांगतात, विमानतळावर गाडी पाठवतो म्हणतात आणि शाळेचा पत्ता विचारला की विषय बदलतात. नोकरी बँकॉकची आणि गाडी म्यानमारच्या सीमेवरच्या माए सोतच्या दिशेने, असं कळलं तर तिथेच उतरा आणि भारतीय दूतावासाला फोन करा. तो नंबर निघण्याआधी मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे लिहून ठेवा.

नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे मागणारी एजन्सी दिसली की तिथेच थांबा. चांगली एजन्सी शाळेकडून पैसे घेते.

५. मुलाखत आणि डेमो

मुलाखत गप्पांसारखी, डेमो खरा. पंधरा-वीस मिनिटं, कधी खऱ्या मुलांसमोर, कधी चार शिक्षिका मुलं बनून बसतात. मागच्या बाकावर विभागप्रमुख वही घेऊन बसलेल्या असतात आणि तुम्ही किती सुंदर बोलता यापेक्षा मुलं किती बोलतात हे त्या मोजत असतात.

एक उदाहरण धरू : प्राथमिक तिसरी, "कॅन" आणि "कान्ट". प्राण्यांची सहा मोठी चित्रं न्या. पहिली तीन मिनिटं व्याकरणाचा शब्दही नाही. चित्र वर, तुम्ही म्हणायचं "फिश कॅन स्विम", हाताने पोहण्याची खूण, मुलं मागून म्हणतात. मग मुद्दाम चूक करा, "फिश कॅन फ्लाय!" सगळा वर्ग "नो!" ओरडतो आणि तिथे "कान्ट" आपोआप येतो. मग जोड्या पाडा, प्रत्येक जोडीला एक चित्र, एक विचारेल आणि दुसरा उत्तर देईल. तुम्ही वर्गात फिरा, वाकून ऐका. शेवटी दोन जोड्या पुढे. बस्स. फळ्यावर नियम लिहून समजावत बसलात तर पाच मिनिटांत वर्ग हातातून जातो.

"अंडरस्टँड?" असं कधीही विचारू नका. पन्नास मुलं एका सुरात "येस, टीचर" म्हणतील आणि एकालाही कळलेलं नसेल. तिथे शिक्षकाला "नाही" म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. कळलंय का ते मुलांकडून काहीतरी करून घेऊनच तपासा.

उच्चारांची थोडी पूर्वतयारी तुमचं वजन वाढवते. थाई मुलं शब्दाच्या शेवटचे आवाज गिळतात : "लाइक"चं "लाइ", "बस"चं "बत" होतं. "र" आणि "ल" यांची अदलाबदल होते. डेमोत एखाद्या मुलाचा शेवटचा आवाज प्रेमाने दुरुस्त केलात की मागच्या बाकावरच्या वहीत टिकमार्क पडतो. आणि आपलं स्वतःचं? आपण वेगात बोलतो, "व्ही" आणि "डब्ल्यू" एकच उच्चारतो. "व्हेट" आणि "वेट", "व्हाइन" आणि "वाइन" यांचा सराव करा, स्वतःला रेकॉर्ड करून ऐका. परदेशी उच्चाराची नक्कल मात्र करू नका. ती लगेच ओळखू येते. सावकाश, स्पष्ट भारतीय इंग्रजी चालतं.

कपडे : पुरुषांना फुल शर्ट, टाय, चामडी बूट, स्त्रियांना गुडघ्याखाली स्कर्ट किंवा औपचारिक पोशाख आणि बंद बूट. आत जाताना हात जोडून वाय (थाई नमस्कार) करा, खांदे थोडे झुकवून. ते आपल्याला जड जात नाही.

६. करार वाचताना

सही करण्याआधी या गोष्टी शोधा, नसतील तर विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

करार बारा महिन्यांचा की दहा? एजन्सीचे करार बहुतेकदा दहा-अकरा महिन्यांचे असतात, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुट्टीत पगार शून्य. महिना ३० हजार बाथ देणारा दहा महिन्यांचा करार आणि २६ हजार देणारा बारा महिन्यांचा करार यांत वर्षाला दुसरा १२ हजारांनी मोठा पडतो. शिवाय तेवढा काळ व्हिसाही शाबूत राहतो.

व्हिसा, वर्क परमिट आणि मुदतवाढीची फी कोण भरणार? आठवड्याला प्रत्यक्ष तासिका किती? अठरा ते बावीस ठीक, पंचवीसच्या पुढे अंगावर येतात. शाळेत थांबायची वेळ काय? सकाळी साडेसातला बोट लावून हजेरी आणि साडेचारला सुटका हे नेहमीचं आहे. आजारपणाची रजा, शनिवारचे कॅम्प, उन्हाळी वर्ग यांचे पैसे वेगळे की त्यातच? मध्येच सोडल्यास दंड किती?

करार थाई आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असेल तर वादाच्या वेळी सहसा थाई प्रत ग्राह्य धरली जाते. तेव्हा थाई प्रत मोबाइलवरच्या भाषांतर अॅपमधून का होईना, वाचून घ्या. तारखा बुद्ध संवतात असतात, ते इसवी सनापेक्षा ५४३ वर्षं पुढे. २५६९ म्हणजे २०२६. करार संपण्याचं वर्ष वजाबाकी करून तपासा.

७. व्हिसा आणि परवान्यांची साखळी

हा भाग दोनदा वाचा.

पर्यटक म्हणून थायलंडला जाणं भारतीयांना सोपं झालंय आणि तोच सापळा आहे. पर्यटक म्हणून आत आलेल्याला शिकवता येत नाही. एक तासही नाही, "ट्रायल" म्हणूनही नाही. परवान्याशिवाय काम करताना पकडलं गेल्यास ५ हजार ते ५० हजार बाथ दंड आणि देशाबाहेर रवानगी. शाळेलाही दंड होतो, पण शाळा तिथेच राहते, परत तुम्ही येता.

सरळ मार्ग असा : शाळा नेमणुकीचं पत्र आणि सरकारी खात्यांची कागदपत्रं पाठवते. त्यांच्या आधारे तुम्ही भारतातून नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीच्या, व्हिसासाठी अर्ज करता. १ जानेवारी २०२५ पासून थायलंडची ई-व्हिसा पद्धत जगभर लागू आहे, त्यामुळे अर्ज ऑनलाइन. या व्हिसावर ९० दिवस मिळतात. त्या काळात शाळेने तीन गोष्टी पार पाडायच्या असतात.

एक, खुरुसफा, म्हणजे थायलंडच्या शिक्षक परिषदेची परवानगी. शिक्षकी परवाना नसलेल्यांना तात्पुरती, दोन वर्षांची परवानगी मिळते. ती पुन्हा मिळते, पण कितीही वेळा नाही. बीएड असलेल्यांची बाजू इथे भक्कम. दोन, वर्क परमिट. त्यासाठी तिथल्या दवाखान्यातून वैद्यकीय दाखला लागतो. क्षय, कुष्ठरोग, हत्तीपाय, व्यसन वगैरे नसल्याचा हा छापील दाखला काही मिनिटांत मिळतो. तीन, इमिग्रेशनकडून मुक्कामाची एक वर्षाची मुदतवाढ, फी १,९०० बाथ. बँकॉकमध्ये हे काम चेंग वत्तानाच्या सरकारी संकुलात होतं. पहाटे निघा, सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स न्या, प्रत्येक प्रतीवर सही करा.

वर्क परमिटवर शाळेचं नाव आणि कामाचं ठिकाण नोंदलेलं असतं. मैत्रिणीच्या शाळेत एक दिवस बदली तास घ्यायला गेलात तरी ते नियमाबाहेर.

मग कायमचे नियम. तुम्ही कुठे राहता याची नोंद घरमालकाने टीएम ३० या फॉर्मने करायची असते. त्याने केली का ते तुम्ही विचारा, कारण नोंद नसेल तर मुदतवाढीच्या वेळी अडतं. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, उशीर झाला तर २ हजार बाथ. सुट्टीत भारतात येताना निघण्याआधी री-एंट्री परमिट घ्यायचंच, एकदाचं १ हजार, अनेकदाचं ३,८०० बाथ. ते न घेता देश सोडलात तर वर्षभराची मुदतवाढ त्याच क्षणी रद्द आणि सगळी साखळी पहिल्यापासून. मुदत उलटून राहिलात तर दिवसाला ५०० बाथ, कमाल २० हजार, वर पासपोर्टवर डाग.

८. खोली आणि सुरुवातीचे पैसे

नोकरी पक्की होईपर्यंत घर घेऊ नका. बँकॉकची वाहतूक अशी आहे की नकाशावर आठ किलोमीटर दिसणारं अंतर सकाळी सव्वा तास खातं. शाळा पक्की झाली की तिथून चालत किंवा एका स्काय ट्रेनच्या प्रवासात पोहोचता येईल अशी खोली शोधा. सुखुमवित-असोकच्या भागात भाडं जास्त. ऑन नुत, बांग ना, लाट फ्राओ किंवा नॉन्थाबुरीकडे साधी, स्वच्छ एका खोलीची जागा सहा ते दहा हजार बाथमध्ये मिळते. शाळाही या बाहेरच्या भागांतच जास्त आहेत.

आत जाताना एक ते दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं लागतं. भाडं ठरवताना विजेचा दर युनिटमागे किती, हे विचाराच. सरकारी दर चार-पाच बाथच्या आसपास असतो, पण काही इमारती सात-आठ लावतात आणि एप्रिलच्या उकाड्यात एसीचं बिल भाड्याशी स्पर्धा करतं. खोलीत शिरताना भिंती, गादी, नळ, सगळ्यांचे फोटो काढा आणि मालकाला पाठवून ठेवा. डिपॉझिट परत मिळवताना तेच कामी येतात.

पगार महिनाअखेरीला येतो, मध्येच रुजू झालात तर कधी त्याच्या पुढच्या महिन्यात. बँक खातं बहुतेकदा वर्क परमिटनंतरच उघडतं. म्हणून डिपॉझिट धरून साठ-सत्तर हजार बाथ तरी हाताशी असावेत. इतके जमले नसतील तर एक सत्र थांबा. पैशाच्या चणचणीत माणूस परमिट नसलेली नोकरी पकडतो.

९. पहिले आठवडे

सकाळी गेट ड्युटी असते. तुम्ही फाटकाशी उभे, मुलं एकेक करत येतात, दप्तर सांभाळत वाय करतात, तुम्ही मान लववून "गुड मॉर्निंग" म्हणता. आठला राष्ट्रगीत आणि झेंडा. तेव्हा जिथे असाल तिथे स्थिर उभं राहायचं. मुलाच्या डोक्यावर मायेनेही हात ठेवू नका, तिथे डोकं पवित्र मानतात. पायाने काही दाखवू नका. राजघराण्याबद्दल गंमतीतही बोलू नका, समाजमाध्यमांवर तर नाहीच. राजघराण्याच्या अपमानाच्या कलमाखाली तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे.

तुम्हाला "टीचर" आणि पुढे पहिलं नाव, असं हाक मारतील. थाई सहशिक्षिकेशी जुळवून घ्या. वर्गात शिस्त ती ठेवते आणि ऑफिसमधले फॉर्मही तीच भरून देते. रागाने आवाज चढवलात तर वर्ग गप्प होईल, पण मोठ्यांच्या नजरेतून तुम्ही उतराल. संख्या, दिवस, "बसा", "ऐका", "छान" एवढं थाई पहिल्या महिन्यात शिका.

१०. शाळा बदलताना

पहिली नोकरी मनासारखी नसेल तर सत्र पूर्ण करा आणि मग बदला, पण तारखा सांभाळून. एक वर्षाची मुदतवाढ त्या शाळेतल्या नोकरीवर टिकलेली असते. नोकरीचा शेवटचा दिवस हाच कायदेशीर मुक्कामाचा शेवटचा दिवस ठरू शकतो, पासपोर्टवरच्या शिक्क्यात पुढची तारीख दिसत असली तरी. म्हणून नवी शाळा पक्की करून, तिची कागदपत्रं हातात घेऊनच राजीनामा द्या. जुन्या शाळेचा शेवटचा दिवस आणि नव्या शाळेचा पहिला दिवस दोन्ही शाळांच्या कार्यालयांनी एकमेकांशी बोलून ठरवू देत.

निघताना शाळेकडून चार गोष्टी मागा : नोकरी सोडल्याचं पत्र, वर्क परमिट रद्द झाल्याचा कागद, वर्षभरात कापलेल्या कराचा दाखला आणि इंग्रजीतलं अनुभवपत्र. चौथं दोन वर्षांनी आंतरराष्ट्रीय शाळेत अर्ज करताना लागतं आणि तोवर तुम्हाला ओळखणारे लोक बदललेले असतात. मूळ पदवी शाळेच्या कपाटात जमा असेल तर तीही त्याच दिवशी ताब्यात घ्या.